‘मार्च’चा सिंह आणि एक एकाकी शोगीपटू

पंधराव्या वर्षी हातात व्यवसाय, नावावर भाड्याची खोली, बँकेत स्वतःच्या कमाईचे पैसे आणि वर्तमानपत्रांत कौतुकाचे मथळे. एवढे सारे असूनही संध्याकाळी दार उघडल्यावर ‘आलास का?’ असे विचारणारे घरात कोणी नाही. चिका उमिनो या जपानी चित्रकथाकार लेखिकेच्या ‘सानगात्सु नो लायन’ या दीर्घ कथेचा नायक रेई किरियामा याची ही अवस्था आहे. इंग्रजीत ही कथा ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ या नावाने ओळखली जाते. शोगी या पटावरच्या खेळावर उपजीविका करणाऱ्या या मुलाला माणसांत जागा कशी मिळते आणि ज्या खेळाकडे तो केवळ जगण्याच्या निकडीतून वळला तो खेळ त्याचा स्वतःचा कसा होतो, हा या कथेचा विषय आहे.

‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. ‘सानगात्सु नो लायन’ २००७ मध्ये ‘यंग अॅनिमल’ या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पहिला खंड २००८ मध्ये आला, तर सतरावा २०२३ मध्ये. दरम्यान २०११ मध्ये ‘मांगा ताइशो’ आणि कोदान्शा प्रकाशनाचा पुरस्कार, २०१४ मध्ये तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारातील सर्वोच्च पारितोषिक, असे मानसन्मान तिला लाभले. उमिनो यांचे नाव त्याआधीच ‘हनी अँड क्लोव्हर’ या कलाविद्यार्थ्यांच्या कथेमुळे घरोघरी पोहोचले होते. तरुण वयातील हळव्या नातेसंबंधांची चित्रकार ही त्यांची ओळख. त्यांनी एकदम शोगीसारखा रुक्ष, बहुतांशी वयस्क पुरुषांचा मानला जाणारा विषय निवडावा, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले असणार.

शीर्षकाचा उगम एका जुन्या इंग्रजी म्हणीत आहे. मार्च महिना येतो सिंहासारखा आणि जातो कोकरासारखा, असे ती म्हण सांगते. वादळी वाऱ्याने सुरू होणारा महिना वसंताच्या उबेत संपतो, हा त्या थंड प्रदेशांचा अनुभव. आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षा आणि उन्हाचा चटका. त्यामुळे ही म्हण मराठी मनाला आपोआप उमगत नाही. रेईचे मन मात्र ती उलगडून दाखवते.

पटावरचा खेळ, पोटाचा व्यवसाय

शोगी हा बुद्धिबळाच्याच कुळातला खेळ. भारतातील चतुरंग हे या कुळाचे मूळ मानले जाते. शोगीचा पट नऊ बाय नऊ घरांचा असतो आणि प्रत्येक खेळाडूकडे वीस सोंगट्या असतात. राजा, हत्तीसारखा सरळ जाणारा ‘हिशा’, उंटासारखा तिरका जाणारा ‘काकु’, सोन्याचे आणि चांदीचे सेनापती, फक्त पुढेच उडी घेणारा घोडा, भालाईत आणि प्यादी असे हे सैन्य असते. सोंगट्या चपट्या, पाच कोनांच्या, लाकडी आणि दोन्ही बाजूंच्या एकाच रंगाच्या असतात. टोक ज्याच्याकडे रोखलेले, त्याच्या शत्रूची ती सोंगटी, एवढाच फरक. शत्रूच्या हद्दीतील तीन ओळींत शिरले की बहुतेक सोंगट्यांना बढती मिळते.

बुद्धिबळाची सवय असलेल्याला चकित करणारा नियम याच्या पुढे आहे. शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही. जिंकणारा ती आपल्याजवळ ठेवतो आणि पुढे आपल्या खेळीच्या वेळी, काही बंधने पाळून, पटावरच्या रिकाम्या घरात आपल्या बाजूने उतरवतो. कालचा शत्रूचा सैनिक आज आपल्यासाठी लढतो. त्यामुळे डाव जसजसा पुढे सरकतो तसतसा पट रिता न होता अधिकच गुंतागुंतीचा होत जातो आणि बरोबरीत सुटणारे डाव अगदी विरळा. एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवलेल्या मुलाची कथा सांगण्यास याहून समर्पक खेळ सापडणे अवघड होते. लेखिका हे कोठेही बोलून दाखवत नाही, हे तिचे मोठेपण.

जपानी शोगी संघटनेची मुळे १९२४ मध्ये आहेत. व्यावसायिक खेळाडू होण्याची मुख्य वाट ‘शोरेइकाइ’ नावाच्या प्रशिक्षण संस्थेतून जाते. तेथे दहा-बारा वर्षांची मुले एखाद्या गुरूच्या शिफारशीने दाखल होतात आणि एकेक पायरी चढत ‘तृतीय दान’ श्रेणीच्या साखळी स्पर्धेपर्यंत पोहोचतात. ही साखळी वर्षातून दोनदा होते आणि प्रत्येक वेळी साधारणतः दोघांनाच ‘चतुर्थ दान’ मिळते. चतुर्थ दान म्हणजेच व्यावसायिकत्व. सव्विसाव्या वर्षापर्यंत हे साधले नाही, तर काही अपवाद वगळता मुलाला बाहेर पडावे लागते. बालपण आणि तारुण्य एका पटाला वाहून टाकलेला तरुण तेव्हा हाती काही नसताना नव्याने सुरुवात करतो. आपल्याकडील स्पर्धा परीक्षांच्या मांडवात वयोमर्यादा ओलांडणाऱ्या मुलांची घालमेल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यावसायिक झाल्यावरही स्वस्थता नसते. ‘जुनइ’ या क्रमवारीच्या साखळीत पाच वर्ग असतात. वर चढले तर मान आणि मानधन वाढते, खाली घसरले तर दोन्ही घटते, आणि घसरण चालूच राहिली तर निवृत्ती अटळ होते. वृत्तपत्रवाचकाला विशेष वाटावे अशी एक गोष्ट म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा मोठा आधारस्तंभ जपानी वर्तमानपत्रे आहेत. ‘र्‍युओ’ किताबाची स्पर्धा ‘योमिउरी’ भरवते, तर ‘मेइजिन’ या सर्वांत जुन्या किताबामागे ‘आसाही’ आणि ‘माइनिची’ ही दोन प्रतिस्पर्धी दैनिके एकत्र उभी आहेत. डावांचे टिपण रोजच्या अंकात क्रमशः छापले जाते. आपल्याकडील दैनिकांनी नाट्यसंगीताला किंवा कुस्तीला एवढी वर्षे असे सांभाळले असते तर, असा विचार मनात येऊन जातो.

खोटे बोलून मिळालेले घर

रेईचे आईवडील आणि धाकटी बहीण एका रस्ते अपघातात जातात. अंत्यविधीच्या वेळी नातेवाईक त्याला अनाथाश्रमात पाठवण्याची भाषा करू लागतात. तेथे वडिलांचे मित्र, व्यावसायिक शोगीपटू कोदा, त्या मुलाला विचारतात की तुला शोगी आवडते का. तो ‘हो’ म्हणतो. ते खोटे असते. वडिलांचा सहवास मिळावा म्हणून तो त्यांच्याबरोबर डाव मांडत असे, एवढेच. परंतु त्या एका होकारावर त्याला छप्पर मिळते आणि मग ते खोटे खरे करून दाखवण्यासाठी तो रात्रंदिवस पटाला चिकटतो. अनेक क्रीडाकथांत खेळावरचे प्रेम हा आरंभबिंदू असतो. येथे आरंभ भीतीत आहे, आणि माझ्या मते या कथेचे सारे वेगळेपण या एका प्रसंगात साठले आहे.

कोदांना स्वतःची दोन मुले आहेत, थोरली क्योको आणि मुलगा आयुमु. दोघेही शोगी शिकत असतात. रेई त्यांना हरवू लागतो आणि दोघांचाही खेळ सुटतो. वडिलांची माया पटावरच्या बळावर मोजली जाणाऱ्या त्या घरात पाहुणा मुलगा घरच्या मुलांची जागा घेतो. रेईला कुक्कू पक्ष्याची हकिकत कळते तेव्हा त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. आपल्याकडील कोकिळेच्या कुळातला हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतो आणि त्यातून निघालेले पिल्लू यजमानाची अंडी बाहेर ढकलून देते. व्यावसायिक होताच रेई ते घर सोडतो. टोकियोत नदीकाठी घेतलेल्या त्याच्या खोलीत सामान जवळजवळ नाहीच. पट आहे, अंथरूण आहे आणि खिडकीबाहेर पाणी आहे.

पहिल्याच प्रकरणात त्याची लढत पालक पिता कोदांशीच होते आणि तो जिंकतो. पुढेही त्याचे बरेचसे विजय असेच कडवट आहेत. यासुई नावाच्या खेळाडूचा संसार मोडला आहे आणि मुलीबरोबरचा कदाचित शेवटचा नाताळ तोंडावर आला आहे. रेईकडून हरल्यावर तो मुलीची भेटवस्तू ठेवलेली पिशवी विसरून निघून जातो. रेई धावत जाऊन ती त्याच्या हाती देतो, तेव्हा त्याला आभाराऐवजी तिरस्कार मिळतो. मग निर्जन जागी उभा राहून तो ओरडतो, रडतो. बाकी सगळ्यांना मागे घर आहे, माझ्याजवळ शोगीखेरीज काहीच नाही, मग हरणाऱ्यांनी माझ्यावरच का रागवावे, असा त्या आक्रोशाचा आशय. जिंकण्याचा आनंद वाटून घ्यायला कोणी नसेल तर विजय कसा अंगावर येतो, याचे इतके प्रखर चित्रण क्वचितच वाचायला मिळते.

पुलापलीकडचे स्वयंपाकघर

रेईच्या वस्तीचे नाव ‘जूनगाव’, आणि नदीवरचा पूल ओलांडला की ‘मार्चगाव’. ही नावे कल्पित असली तरी चित्रांतील पूल आणि घाट टोकियोतील सुमिदा नदीकाठच्या त्सुकिशिमा-त्सुकुदा भागाचे आहेत, हे जपानी वाचक सहज ओळखतात. एका रात्री वरिष्ठ खेळाडू कोवळ्या रेईला जबरदस्तीने दारू पाजून रस्त्यात सोडून जातात. तेथे पडलेल्या या अनोळखी मुलाला अकारी कावामोतो ही तरुणी आपल्या घरी आणते. त्या घरात अकारी, शाळकरी हिनाता, लहानगी मोमो आणि पारंपरिक मिठायांचे दुकान चालवणारे आजोबा सोमेजी राहतात. आई वारली आहे, वडील घर सोडून गेले आहेत. अकारी दिवसा दुकान सांभाळते आणि काही रात्री मावशीच्या मद्यगृहात काम करते. म्हणजे हे घरही सुखवस्तू नाही. दुःख तेथेही आहे, पण ते ताटे वाढत असताना, भांडी घासत असताना वागवले जाते.

उमिनो यांची लेखणी आणि कुंचला येथे विशेष रमतो. भाताची वाफ, कढईत तळले जाणारे मासे, हिवाळ्यात उबदार मेजाभोवती दाटीवाटीने बसलेली माणसे, पायात घोटाळणारी गलेलठ्ठ मांजरे अशी पानेच्या पाने भरलेली आहेत. रेई सुरुवातीला निमित्ते काढून जेवण टाळतो. आपण या घराला काही देत नाही, मग येथे बसण्याचा हक्क काय, हा त्याचा हिशेब. अकारीला मात्र त्याची हाडे दिसतात आणि ती वाढत राहते. एखाद्या घरात आपले ताट न विचारता मांडले जाणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला जपानी शिकल्याशिवायही समजते.

केवळ माया मिळाल्याने रेईचे प्रश्न सुटतात, असे लेखिका भासवत नाही, आणि म्हणूनच पाचव्या ते सातव्या खंडांतील हिनाताचे प्रकरण या मालिकेचा कणा ठरते. हिनाताच्या वर्गात तिच्या मैत्रिणीचा, चिहोचा, पद्धतशीर छळ होतो. चिहोला शाळा सोडावी लागते. तिची बाजू घेतलेली हिनाता पुढचे लक्ष्य होते. वर्गशिक्षिका डोळेझाक करते. रडत नदीकाठी पळून गेलेली हिनाता म्हणते की मी घाबरले आहे, पण मी केले ते चूक नव्हते. शाळेत वर्षानुवर्षे एकट्याने डबा खाल्लेल्या रेईला त्या क्षणी वाटते की या मुलीने आपल्याला, आपल्या बालपणातल्या त्या मुलाला, आत्ता वाचवले. तिच्यासाठी आयुष्यभर काहीही करण्याचा शब्द तो मनाशी देतो.

मग काय करायचे, हे मात्र त्याला कळत नाही. तो पैसे जमवण्याचा विचार करतो, अधिक सामने जिंकून बक्षिसे मिळवावीत असे योजतो. त्याचे शिक्षक हायाशिदा त्याला समजावतात की आधी तिला काय हवे आहे ते विचार. ओसाकामध्ये नवोदितांच्या स्पर्धेचा अंतिम सामना जिंकल्यावर तो सत्काराला न रेंगाळता क्योतोकडे धावतो, कारण हिनाता शाळेच्या सहलीला तेथे गेली आहे, एकटी पडली आहे आणि तिचे पोट दुखते आहे. सोबत औषधे घेतलेली. हा प्रसंग हास्यास्पद आहे आणि हृद्यही. खेळातील यश त्याला प्रथमच कोणाकडे तरी घेऊन जाते. पुढे तो हिनाताचा अभ्यास घेतो आणि ती त्याच्याच विद्यालयात प्रवेश मिळवते. छळ करणाऱ्या मुलीला मात्र कथा सोयीस्कर पश्चात्ताप बहाल करत नाही. शाळेतील या विषयावर आपल्याकडे जे भाबडे लेखन होते, त्यापुढे हा संयम उठून दिसतो.

पटावरही त्याला माणसे भेटतात. अहंकाराच्या भरात तो काई शिमादा या शांत खेळाडूला गृहीत धरतो, सपशेल हरतो आणि शरमेने मान खाली घालून त्याच्याच अभ्यासमंडळात सामील होण्याची परवानगी मागतो. शिमादा यामागाता प्रांतातील खेड्यातून आलेला. याच प्रांतातील तेंदो शहर शोगीच्या सोंगट्या घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. गावकऱ्यांच्या आशा खांद्यावर आणि पोटात सततची कळ घेऊन तो खेळतो. दुसरीकडे हारुनोबु निकाइदो हा गुबगुबीत, श्रीमंत, बडबड्या मुलगा रेईला स्वतःहून ‘जिवलग प्रतिस्पर्धी’ घोषित करतो. त्याला बालपणापासून असाध्य आजार आहे. रेई निष्काळजीपणे खेळतो तेव्हा टीव्हीवर समालोचन करत असतानाच निकाइदो त्याच्यावर ओरडतो की स्वतःला जप. लेखाच्या मर्यादेत या पात्राला न्याय देता येणार नाही.

कथेबाहेरचे शोगीपटू

निकाइदोला पाहून जपानी वाचकांना सातोशी मुरायामा आठवतो. १९६९ साली जन्मलेल्या मुरायामाला वयाच्या पाचव्या वर्षी मूत्रपिंडाचा विकार जडला. रुग्णालयाच्या खाटेवर तो शोगी शिकला. गुरू नोबुओ मोरी यांनी ओसाकात या शिष्याची आईसारखी देखभाल केली, त्याला हव्या असलेल्या मुलींच्या चित्रकथासुद्धा दुकाने धुंडाळून आणून दिल्या. १९८६ मध्ये तो व्यावसायिक झाला, १९९५ मध्ये सर्वोच्च ‘अ’ वर्गात पोहोचला. योशिहारु हाबू या युगप्रवर्तक खेळाडूविरुद्ध त्याने चौदापैकी सहा लढती जिंकल्या. पुढे कर्करोगाने गाठले आणि ८ ऑगस्ट १९९८ रोजी अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याला मरणोत्तर ‘नवम दान’ देण्यात आले. योशिओ ओसाकी यांनी २००० साली लिहिलेले त्याचे चरित्र गाजले आणि २०१६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

चित्रकथेतील डाव खरे वाटतात, याचे श्रेय मानाबु सेन्झाकी या व्यावसायिक खेळाडूला आहे. पटाची प्रत्येक स्थिती त्यांच्या देखरेखीखाली मांडली जाते आणि खंडांत त्यांचे छोटे लेखही असतात. लहानपणी गुरूच्या घरी राहून शिकलेल्या सेन्झाकींना हे जग आतून माहीत होते. २०१७ मध्ये त्यांना स्वतःलाच तीव्र नैराश्याने ग्रासले, काही काळ रुग्णालयात राहावे लागले आणि सोपे डावही सुचेनासे झाले. २०१८ मध्ये ते स्पर्धेत परतले आणि त्याच वर्षी त्यांनी या आजारपणावर मोकळेपणाने पुस्तक लिहिले. एकाकी खेळाडूच्या कथेचा सल्लागारच त्या अंधारातून गेला, हा योगायोग वाचकांच्या मनात घर करून राहिला.

दुसरा योगायोग अधिक आनंदाचा. माध्यमिक शाळेत असतानाच व्यावसायिक होणे ही शोगीतील दुर्मीळ गोष्ट. कथा सुरू झाली तेव्हा वास्तवात असे चौघेच होते. हिफुमी कातो, कोजी तानिगावा, योशिहारु हाबू आणि अकिरा वातानाबे. उमिनो यांनी रेईला पाचवा ठरवले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी चौदा वर्षांचा सोता फुजिई खराखुरा पाचवा झाला आणि त्याच महिन्यात या कथेवरील अ‍ॅनिमे मालिका ‘एनएचके’वर सुरू झाली. फुजिईचा पहिला डाव त्या मानकऱ्यांतील पहिले, तेव्हा शहात्तर वर्षांचे कातो यांच्याशीच झाला. पदार्पणापासून सलग २९ विजय मिळवून त्याने २०१७ मध्ये विक्रम केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आठही प्रमुख किताब एकाच वेळी स्वतःकडे आणले. २०२४ मध्ये त्यांपैकी ‘एइओ’ हा किताब त्याच्याच वयाच्या ताकुमी इतोने जिंकला. फुजिई मात्र रेईसारखा पोरका नाही. घरच्यांच्या प्रेमात वाढलेला, आगगाड्यांच्या वेडाचा मुलगा अशीच त्याची ओळख आहे.

अ‍ॅनिमे मालिकेचे दोन भाग आहेत, प्रत्येकी बावीस प्रकरणांचे. दुसरा भाग मार्च २०१८ मध्ये संपला. हिनाताचे प्रकरण या दुसऱ्या भागात येते आणि अनेकांच्या मते तोच सरस आहे. केइशी ओतोमो यांनी दिग्दर्शित केलेला, र्‍युनोसुके कामिकी याची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट २०१७ मध्ये मार्च आणि एप्रिलमध्ये दोन भागांत आला. त्यात शोगीचे ताण चांगले उतरले असले, तरी स्वयंपाकघराला वेळ कमी पडला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मांगाच हाती घ्यावी. पहिले दोन खंड संथ वाटतील. शोगीचे नियम ठाऊक नसले तरी अडत नाही, कारण पटावर काय चालले आहे ते खेळाडूंच्या चेहऱ्यांवर वाचता येते. इंग्रजी पुस्तकरूपातील अधिकृत अनुवाद २०२३ पासून येऊ लागला. जपानी चित्रकथेप्रमाणे तोही उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो.